टोपल्या तेवढ्या परत आणा

नागपूरहून निघताना आईने बजावलं होतं, की बेंगळुरूत जरा कमी बोल. ते काही जमलं नाही बाप्पा. एचएसआर लेआउटमधल्या आमच्या ऑफिसात सगळ्यात जास्त मीच बोलते, आणि त्यातलं निम्मं भांडण असतं. काम मात्र गुपचूप बसून करायचं. फोनच्या स्क्रीनवर काय कुठे दिसेल, कोणता शब्द वाचून माणूस बिचकेल आणि कोणता वाचून पुढे जाईल, हे ठरवायचं. डिझायनर म्हणतात त्याला.

आम्ही जे बनवत होतो ते सांगायला सोपं होतं. परदेशात राहणाऱ्या इथल्या माणसांनी इथल्या शेतीत पैसे घालायचे, तेही फोनवरून. जमीन शेतकऱ्याचीच राहणार, बाहेरच्या माणसाला ती कायद्याने घेताही येत नाही. त्याने कलमं, ठिबक, कुंपण एवढ्याचा खर्च उचलायचा आणि फळ विकलं की वाटा घ्यायचा. ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली तो आमचा मुख्य. पुण्याचा, माझ्याच वयाचा, हुशार, आणि आपण हुशार आहोत याची स्वतःला सतत आठवण करून देणारा. त्याला मी अरे-तुरे करते आणि तो मला घाबरतो, असं माझं मत आहे.

पहिलं शेत मिळालं ते बेंगळुरूपासून दोनेक तासांवर, चिंतामणी गावाच्या बाजूला, एका अम्मांचं. साठीच्या बाई, दंडावर घट्ट चोळी, आणि आवाज असा की बांधावरून हाक मारली तर रस्त्यावरची बस थांबावी. त्यांच्या चढावरच्या पडीक रानावर निलगिरीच्या एका कंत्राटदाराचा डोळा होता. त्याचं म्हणणं, मी झाडं लावतो, मोठी झाली की मीच तोडून नेतो, तुम्ही घरी बसा. अम्मांना घरी बसायचं नव्हतं. त्यांना पेरू लावायचा होता. “निलगिरीखाली गवत येत नाही,” म्हणाल्या, “मग गुरं कुठली? मी कशाच्या मागे ओरडू?”

पण आमच्यावर त्यांचा भरवसा नव्हता, आणि खरं सांगायचं तर का असावा? “कंत्राटदार नालायक आहे,” त्या म्हणाल्या, “पण तो कुठे बसतो ते मला माहीत आहे. ही तुमची पैसे देणारी माणसं कुठे बसतात?”

“डॅलसला. सिंगापूरला. मेलबर्नला.”

“म्हणजे कुठे?”

मी उगाच आकाशाकडे बोट दाखवलं.

शेवटी अम्मांनी आपली अट सांगितली. पावसात पेरूची कलमं लावू, मधल्या जागेत अवरे पेरू. अवरे म्हणजे आपल्या पावट्याची इकडची बहीण, थंडीत शेंगा येतात. संक्रांतीपर्यंत ही माणसं कोण आहेत ते मला कळलं पाहिजे. कळलं तर पेरू राहील. नाही तर कलमं उपटून रान कंत्राटदाराला देणार, आणि त्यालाही तसं सांगून ठेवणार. मी छातीठोक सांगितलं, “कळेल अम्मा.” कशाच्या जोरावर सांगितलं, ते देवालाच ठाऊक.

हे सगळं बोलणं फोनचा स्पीकर चालू ठेवून झालं, कारण माझं कन्नड ‘स्वल्प’पासून, म्हणजे ‘थोडं’पासून सुरू होतं आणि ‘सरी’पाशी, म्हणजे ‘बरोबर’पाशी संपतं. पलीकडून दुभाषाचं काम करत होत्या आमच्या अक्का. जे. पी. नगरला मी त्यांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. त्यांचं घराणं तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे आलं ते आलंच. घरात मराठी बोलतात, भाजीवाल्याशी कन्नडमध्ये भांडतात, आणि रागावल्या की दोन्ही एकाच वाक्यात येतात. दूधवाल्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळे त्यांना अक्काच म्हणतात. मुलगा मेलबर्नला असतो. अम्मांच्या पेरूत त्यानेही पैसे घातले होते, बहुतेक आईने कान धरला म्हणून.

पैसे आले, पाऊस आला, कलमं लागली. आणि मग आमचं ॲप कुणी उघडेचना. उघडून बघणार काय? पेरूला फळ धरायला दोन-अडीच वर्षं. मी इतका देखणा आलेख काढला होता, रंगांवर जीव ओतला होता, आणि त्यातली रेघ आपली जमिनीवर आडवी पडलेली. मग मी उपग्रहावरून घेतलेला शेताचा फोटो टाकला. झकास! सिंगापूरहून एकाने लिहिलं, काय हिरवंगार दिसतंय, डोळे निवले. आम्ही नाचलो. मग कळलं की आमच्या ऑफिसातल्या नकाशेवाल्या पोराने हद्दीची रेघ एक शेत सोडून ओढली होती आणि हा गडी शेजाऱ्याचे टोमॅटो पाहून निवला होता. अम्मांना सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की पलीकडे अक्काही हसत सुटल्या, भाषांतर राहिलं बाजूला. हसू ओसरल्यावर अम्मा म्हणाल्या, “बघ, त्यांना माझं शेत ओळखता येत नाही आणि मला त्यांची तोंडं. संक्रांत आली हं.”

त्या रविवारी मी अक्कांच्या स्वयंपाकघरात तोंड पाडून बसले होते. समोर परातीत भिजवलेले अवरेचे दाणे. अंगठा आणि बोटात धरून दाणा दाबायचा, की आतला गर टुणकन बाहेर उडी मारतो आणि साल हातात राहतं. एकदा सुरू केलं की थांबवत नाही. बोटांना त्या शेंगांचा तेलकट, उग्र, छान वास लागतो, तो साबणालाही जुमानत नाही. मी दाणे दाबत होते आणि रडगाणं गात होते. अम्मांची कलमं उपटली जाणार, माझा शब्द खोटा पडणार, काय करू अक्का, सांगा ना.

“वानवळा पाठवायचा की मग,” अक्का मान वर न करता म्हणाल्या.

“मेलबर्नला? विमानतळावरच फेकून देतील, अक्का.”

“त्यांना कशाला पाठवतेस? त्यांच्या माणसांना पाठव. इथं कुणीच नाही का त्यांचं? मी नाही का?”

अरे देवा! शेतात पहिलं काही आलं की जवळच्यांच्या घरी त्यातलं थोडं पोचवायचं, हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? आमच्या आजोळहून संत्री यायची, तुरीच्या शेंगा यायच्या, सायकलच्या मागे बांधून. मी तशीच उठले. वासाच्या हातांनी फोन धरला आणि जिन्यातून वर जातानाच मुख्याला म्हटलं, “आपल्याला एकच नवीन स्क्रीन हवी आहे. एकच प्रश्न. तुमच्या वाटचा वानोळा कुणाच्या घरी पोचवू?”

“आपण भाजीवाले नाही आहोत,” तो म्हणाला.

“काहून रे, मग कोण आहोत? फळ नसलेले फळवाले?”

दोन दिवस भांडलो. तो म्हणे, शंभर शेतं झाली तर हे कसं झेपणार? मी म्हटलं, आधी एक तर वाचव. हे मात्र त्याला पटलं. भला माणूस आहे तसा, पटलं की लगेच कामाला लागतो.

उत्तरं येऊ लागली. मला वाटलं होतं सगळे आईचं नाव घालतील. आया होत्याच, पण एकाने यशवंतपूरच्या हॉस्टेलात जेवायला घालणाऱ्या स्वयंपाकीण बाईंचं नाव दिलं. एकीने आपल्या शिंप्याचं. कुणी शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंचं. एकाने अबोला धरलेल्या चुलतभावाचं. आणि डॅलसच्या माणसाने लिहिलं, आमच्या जुन्या घरात आता जे कुणी राहत असतील त्यांना. ते वाचून आमच्या मुख्याने चष्मा काढला आणि उगाचच पुसत बसला. मी त्याला चिडवलं नाही. मलाही भरून आलं होतं.

अम्मांनी शेंगा तोडल्या आणि भरल्या. आम्ही छापून घेतलेली खोकी त्यांनी एका बाजूला सारली. खोक्यात शेंगांना घाम येतो, म्हणाल्या. घरच्या वेताच्या टोपल्या काढल्या, तळाला केळीची पानं घातली, टेंपोत चढवल्या आणि ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, “टोपल्या तेवढ्या परत आणा! पेरूला लागतील!” पेरूला लागतील, हे ऐकून मी मनातल्या मनात टुणकन उडी मारली. पण तेवढ्यात त्या पुढे म्हणाल्या, “पेरू राहिला तर.”

शेंगा घरोघर पोचल्या. दोन-तीन दिवसांनी टोपल्या गोळा करायला टेंपो निघाला तेव्हा मीही त्यात बसले. घरांना आधीच संदेश गेला होता, मीच लिहिलेला: कृपया रिकामी टोपली तयार ठेवावी. शेत बघायचं म्हणून अक्का हटून बसल्या, त्यामुळे पहिली टोपली त्यांच्याच दारातून उचलायची होती. त्यांनी ती आणली ती दोन्ही हातांनी. आत डबा होता, तिळगुळाचा.

“अक्का, रिकामी हवी आहे.”

“रिकामी टोपली परत करतात का गं?” अक्का भडकल्या. “आईनं काही शिकवलं नाही तुला? सरी आहे का हे?”

शिकवलं होतं की! शेजारची वाटी आमच्या घरातून कधी रिकामी गेली नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर. लहानपणी ती वाटी धावत पोचवणारी मीच. आणि आता मी लोकांना लेखी कळवलं होतं, रिकामी ठेवा म्हणून! मी कपाळावर हात मारून घेतला.

माझा तो संदेश मात्र कुणी मनावर घेतला नव्हता. यशवंतपूरच्या बाईंनी टोपलीत चटणीपूड घातली होती, आणि बरणीवर फडकं बांधलं होतं, प्रवासात सांडू नये म्हणून. शिंप्याने जाड कापडाची, गळ्यात अडकवायची झोळी शिवली होती, शेंगा तोडताना दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून. चित्रकलेच्या बाईंनी टोपलीचंच चित्र काढून टोपलीत ठेवलं होतं. चुलतभावाने गुळाची ढेप दिली आणि भिंतीकडे बघत म्हणाला, “त्याला सांगा, फोन कर.” आणि डॅलसवाल्याच्या जुन्या घरातली सूनबाई नारळ घेऊन बाहेर आली. अंगणातल्या झाडाचा. ते झाड त्याच्या वडिलांनी लावलेलं, असं शेजारचे सांगतात, म्हणाली. ड्रायव्हर म्हणाला, “काय मॅडम, जाताना जेवढं वजन होतं तेवढंच येताना.” अक्का पुढच्या सीटवर पाटलिणीसारख्या बसल्या होत्या आणि मी मागे टोपल्यांमध्ये बसून चक्क गाणं म्हणत होते.

शेतावर पोचलो आणि मी गाणं अर्ध्यातच सोडलं. चिंचेखाली कंत्राटदार बसला होता, ऐटीत, पायावर पाय टाकून. उद्या संक्रांत. अम्मांनी त्यालाही आज बोलावलं होतं. दिलेला शब्द पाळणारी बाई ती, दोन्हीकडचा पाळणार.

अम्मांनी पहिली टोपली उचलली आणि थबकल्या. मग दुसरीवरचं फडकं काढलं. मग तिसरी. “हे काय?” त्यांनी अक्कांना विचारलं. त्यावर अक्कांनी जी सुरुवात केली! ही चटणी कुणाची, त्या हॉस्टेलात कोण जेवायचं, तो आता सिंगापूरला काय करतो, शेजाऱ्याचे टोमॅटो बघून निवला तो हाच. ही झोळी कुणी शिवली, पहिला फ्रॉक त्याने कुणाला शिवला. भावाशी कोण भांडलंय. आणि हा नारळ. अम्मा एकेक वस्तू हातात घेत होत्या आणि मध्येच मान हलवत होत्या. झोळी तर त्यांनी तिथल्या तिथे गळ्यात घातली. “डॅलस म्हणजे हा,” त्या नारळ हलवून पाणी ऐकत म्हणाल्या.

मग त्यांनी दगडावर नारळ फोडला. खोबऱ्याचे तुकडे केले, वर गूळ ठेवला आणि सगळ्यांच्या हातावर दिला. अक्कांना, ड्रायव्हरला, मला. कंत्राटदारालाही. तो भुकेला असावा, मजेत चावून चावून खाल्लं त्याने. हात पुसून त्याने विचारलं, “मग अम्मा, काय ठरलं? माणसं कधी पाठवू?”

“तू आत्ता कुणाचं खाल्लंस?” अम्मा म्हणाल्या.

तो हाताकडे बघू लागला.

“मी पण खाल्लं,” अम्मा म्हणाल्या. “ज्यांच्या घरचं खाल्लं त्यांची कलमं मी उपटू? का तू उपटतोस?”

अक्का मला मराठीत सांगायला वळल्या, पण मी तोपर्यंत रडायला लागले होते, मोठ्याने, अगदी लाज सोडून. अक्का माझ्या पाठीवर थोपटत होत्या आणि अम्मा माझ्याकडे बघून हसत होत्या. कंत्राटदाराने पुन्हा एकदा हात पुसले. मग उठला, मोटारसायकलकडे गेला, आणि किल्ली फिरवायच्या आधी वळून म्हणाला, “पेरू आला की माझ्या घरी पण पाठवा एक टोपली.”

“पाठवीन,” अम्मा ओरडल्या. “टोपली तेवढी परत आण!”