शालनला दिसलं, मला नाही

भूत, भानामती, अंगात येणं — या तिन्हींची मी वर्गात एकतीस वर्षं टिंगल केली आहे. अंबडला शाळेत इतिहास शिकवायचे. एखादी पोरगी "मॅडम, आमच्या मळ्यात दिसतं" म्हणाली की मी विचारायची, "किती वाजता दिसतं? टाइमटेबल घेऊन ये." या ग्रुपवरचे अनुभव वाचतानाही मी बऱ्याचदा हसलेय, कबूल करते. आज स्वतःच लिहायला बसलेय… आणि तेही खरं तर माझा अनुभव नाही, माझ्या जावेचा आहे. सगळं दुखणं तिथेच आहे.

शालन माझी धाकटी जाऊ. कुंभार पिंपळगावला असते — ऊस, कापूस, दोन म्हशी. शाळा सातवीपर्यंत. स्वभाव इतका गरीब की तिच्याशी भांडायला गेलं तर आपलंच तोंड दुखून येतं. सासूबाई होत्या तोवर "शालनच्या हाताला चव आहे" हे मी उठता-बसता ऐकलं. मग मनातल्या मनात मी वाटणी करून टाकली — चव तिची, डोकं माझं. त्या वाटणीवर मी सुखात होते.

रोम माझं होतं. पुस्तकात जेमतेम दीड पान असायचं, मी त्यावर चार तास घ्यायची. निवृत्त झाल्यावर इटलीची टूर बुक केली. आमच्या ह्यांना गुडघ्यांमुळे चालवत नाही, म्हणून एकटीच निघाले होते. आठ महिने वाचलं, दोन वह्या भरल्या. आणि मग पुण्याहून शालनच्या मुलाचा फोन. "काकू, आईलाही न्या ना सोबत. तुम्ही असल्यावर मला टेन्शन नाही." नाही कशी म्हणणार? जे मिळायला मला आयुष्य लागलं, ते तिला एका फोनवर मिळालं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

गेल्या ऑक्टोबरची गोष्ट. रोमपासून जवळच ओस्तिया म्हणून जुन्या बंदराच्या गावाचे अवशेष आहेत. सकाळी नऊ ते बारा, गाइडसोबत फिरायचं, एवढाच कार्यक्रम. आम्ही बावीस जण, बरेचसे जालना-संभाजीनगरकडचे. गाइड पन्नाशीचा इटालियन माणूस, इंग्रजीतून सांगणारा. एका आजोबांना चक्कर आली म्हणून आमचा टूर मॅनेजर त्यांच्यासोबत गेटवरच थांबला, तेव्हा मी लगेच पुढे झाले — "मी सांगते मराठीत."

काय सांगू तुम्हाला… तो पहिला अर्धा तास! गाइड एक वाक्य बोलायचा, मी तीन सांगायची. लोक माना डोलवत होते. शालन आपली सगळ्यांच्या मागे, हातात पिशवी, पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. मला वाटलं, चला, इथे तरी सगळं आपापल्या जागी आहे.

मग ती बेकरी आली. म्हणजे विटांच्या कमरेएवढ्या भिंती, मध्ये गवत, वर छप्पर नाही. गाइड म्हणाला, इथे गावासाठी पाव भाजायचे. सगळे आत शिरले. शालन मात्र उंबऱ्याशी थांबली आणि चपला काढायला लागली.

"अगं, चपला काय काढतेस? खडे टोचतील."

"कुणाचं तरी घर हाये जाऊबाई," ती म्हणाली. आणि लगेच, "जात्याला गाढवं जुंपायचे का हो हे लोक?"

जाती पुढच्या भिंतीपलीकडे होती. आम्ही ती अजून पाहिलीही नव्हती. वळसा घालून गेलो तर समोर चार दगडी जाती, पुरुषभर उंचीची, आणि गाइड सांगतोय की ही गाढवं लावून फिरवत. "वा, शालनताई!" कुणीतरी म्हणालं. मी म्हणाले, "खेड्यातल्या बाईला जातं कळणारच." माझा आवाज थोडा चढला होता.

पलीकडच्या खोलीत जमिनीवर जाड कापड अंथरून वर बारीक खडी टाकलेली होती. शालन तिथे उकिडवी बसली. खडीवरून तळवा फिरवत म्हणाली, "याच्याखाली घोडा काढलाय. पांढऱ्या खड्यांत काळा. म्होरून घोडा अन् मागून मासा."

मला हसूच आलं. तिचं हसं व्हावं म्हणूनच — हो, त्यासाठीच — मी गाइडला मोठ्याने इंग्रजीत सांगितलं की ही बाई म्हणते इथे माशाचं शेपूट असलेला घोडा आहे. तो हसला नाही. त्याने हातातली फाइल उघडली, पानं उलटली आणि एक फोटो समोर धरला. पांढऱ्या जमिनीवर काळा घोडा. पुढचे दोन पाय हवेत, मागे लांब, वळलेलं माशाचं शेपूट. "फरशीतलं हे खड्यांचं चित्र जपण्यासाठी बरीच वर्षं झाकून ठेवलंय," तो म्हणाला. "यांना कुणी सांगितलं?"

सगळी माणसं शालनकडे बघत होती. माझ्याकडे कुणीच नाही.

अशा वेळी अंगावर काटा आला असं लिहितात. मला नाही आला. माझा जळफळाट झाला. इतकी वर्षं मी ज्या रोमसाठी झुरले, त्याने माझ्याकडे ढुंकूनही पाहू नये? आणि हिला, जिला परवापर्यंत रोम नकाशात दाखवता आलं नसतं, तिला घरात घ्यावं? भूतं असतात की नसतात हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नाही. असलीच तर ती तिलाच का दिसावीत, एवढाच आला.

शालन तोवर सगळ्यात आतल्या खोलीत गेली होती. तिथल्या भिंतीत एक देवळी होती, आपल्याकडे दिवा ठेवायला असते तशीच. तिने पिशवीतून दशमी काढली, तुकडा मोडून देवळीत ठेवला. "रिकाम्या हातानं कुणाच्या घरात जाऊ न्हाई," असं स्वतःशीच म्हणाली. गाइड तिला अडवायला पुढे झाला आणि मधेच थांबला. कारण शालनने मान कलती केली होती. कुणी हळू आवाजात बोलत असलं की आपण करतो तशी. मग ती म्हणाली, "हो… हो… हायेत ना." आणि मागे वळून, "जाऊबाई, जरा आत या ना. जल्दी या."

मी दारात उभी होते. आत पाच पावलांचं अंतर. गाइडने खिशातून पेन काढलं, फाइलवर कोरा कागद घेतला आणि माझ्या कानाशी हळूच विचारलं, "काय म्हणतायत त्या?"

ते पेन पाहिलं आणि माझा तोल गेला. शालनचं बोलणं आता लिहून घेणार! मी इंग्रजीत म्हणाले, "तिला बाथरूमला जायचंय."

तो बिचारा लालबुंद झाला. पेन खिशात गेलं, हात वर करून त्याने पलीकडची टॉयलेट दाखवली आणि दहा मिनिटांचा ब्रेक जाहीर केला. इंग्रजी समजणारे चार-सहा जण हसले. शालनने त्या हसणाऱ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग बाहेर येऊन चपला घातल्या. मी राहिलेल्या टूरमध्ये एकेक खांब हात लावून पाहिला. दगड दगडच राहिले.

परत आल्यावर मी सगळे धागेदोरे तपासले. टूरच्या माहितीपत्रकात ओस्तियाच्या नाटकगृहाचा एकच फोटो होता. तिच्या मुलाला विचारलं, त्याने आईला काही दाखवलं नव्हतं. तिचा मोबाइल साधा, बटणांचा. त्या बेकरीचा फोटो मला इंटरनेटवर शोधून शोधून मिळाला, पण घोड्याचा नाही. ओळखीच्या एका डॉक्टरांनी "योगायोग" म्हणून मोकळं केलं. घोडा समजा योगायोग. मासा?

तिला विचारायची मात्र हिंमत होत नव्हती. यंदा पोळ्याला पिंपळगावला गेले होते तेव्हा विचारलं. बैलं वेशीकडे गेलेली, घरात आम्ही दोघीच, मी लाटत होते, ती भाजत होती.

"शालन, तिथे तू कुणाशी बोलत होतीस गं?"

"होती एक बाई. आपल्याएवढीच. हाताला कोपरापोत्तर पीठ," ती तव्यावरून नजर न काढता म्हणाली. कालच शेजारीण येऊन गेल्यासारखं.

"कुठल्या भाषेत?"

"ते न्हाई ध्यानात. पण म्हणली ते बराबर कळलं. म्हणली, थोरली आली का? आली असंल तर तिला आत आण. मंग मी तुम्हाला हाक मारली. मला वाटलं तुमच्या जुन्या वळखीची असंल, तुम्ही इतकं वाचून गेल्ता."

"आणि मला काय सांगणार होती ती?"

"मला कसं माहीत होईल जाऊबाई? ते तुम्हालाच सांगणार व्हती." तिने पोळी उलटली. "तुम्ही त्याला कायतरी म्हणल्या, लोकं हसले. तिनं तोंड फिरवलं अन् आत गेली. मला लई वाईट वाटलं. तुमच्यासाठी."

तिच्या बोलण्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. मी नीट शोधला, नव्हता. तिने पुरणाची पहिली गरम पोळी माझ्या ताटात वाढली, वर तूप सोडलं. थोरलीचा मान म्हणून.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर जरूर लिहा, मी वाचेन, वादही घालेन. शालन खोटं बोलत नाही एवढं मला तीस वर्षांच्या हेव्यामुळे पक्कं ठाऊक आहे. तिचं एक खोटं सापडावं म्हणून मी कमी टपून बसले नाही. अजूनही तिचा हेवा वाटतो. तिने त्या बाईचा आवाज तरी ऐकला. मी एकतीस वर्षं रोम शिकवलं, आणि रोमने एकदाच मला घरात बोलावलं तेव्हा मी दारात उभी राहून म्हणाले, हिला बाथरूमला जायचंय.