शिवणीच्या फळीवरचं तोंड

कुठलीही फळी हातात घेतली की मास्तर डोळे मिटायचे अन् अंगठा फिरवायचे. "मिस्त्री, डोळ्याला काय कळतं? बोटाला विचारा." बाजारात वांगी दाबून बघणारे तुम्ही पाहिलेच असतील, तसंच. मला हसू यायचं.

बहात्तरच्या दुष्काळानंतर ते ताडकळसच्या शाळेत चित्रकला शिकवायला आले. माझं सुतारकामाचं दुकान शाळेच्या वाटेवरच. लहानपणी देवी आलेल्या, त्यामुळं त्यांच्या तोंडावर वणच वण. एकदा परभणीहून फोटो काढून आणला. त्यात एकबी वण नव्हता.

"फोटोवाल्यानं पेन्सिलीनं लिंपलं. आई म्हणती, हा कुणाचा रं?"

दोघंबी लय हसलो. मग म्हणाले, "आता माझं तोंड मीच कोरतो. शाई लावून कागदावर छाप काढतो. आईला खरा द्यायचाय."

मी शिवणीच्या लाकडाची फळी रंधा मारून दिली. माझ्याच दुकानात आरसा टेकवून ते कोरत बसायचे. कोरलेलं पांढरं राहतं, उरलेलं काळं उठतं, हे मला त्यांनीच सांगितलं. एकेक वण कोरणीनं टिपला. काम संपलं अन् फळीची कड चिरली.

"मिस्त्री, तेवढी कड जोडा. बाकी हात लावू नका," म्हणून येलदरीला बहिणीकडं गेले.

कड जोडली. पण माझ्या फळीला असे खड्डे? माझ्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. अन् खरं सांगायचं तर ते वण मला बघवत नव्हते. भुसा अन् सरस कालवून नाक-डोळे सोडून सगळे खड्डे भरले, घासून साफ केले.

मास्तर आले. शाई लावली, कागद दाबून उचलला. तोंड गुळगुळीत उठलं. मी शाबासकीची वाट बघत उभा.

"लय देखणा केलात मला, मिस्त्री."

फळीवर अंगठा फिरवला. त्या खेपेला डोळे उघडेच होते.

माझी चूक कळली, पण तोंडातून आलं भलतंच. "मास्तर, खड्डे ठेवून काम देत नसतो मी."

ते फळी तिथंच ठेवून गेले. पुन्हा दुकानात आले नाहीत. उन्हाळ्यात पालमला बदली झाली. पालम काही लांब न्हाई, एसटी जाते. मी गेलो नाही.

पुढं ते वारल्याचं कळलं, तेव्हा टोच्या घेऊन खड्डे उकरायला बसलो. शाईखाली भुसा अन् लाकूड एक झालेलं. कुठला वण कुठं होता, काही उमगेना.

आता डोळे मिटून अंगठा फिरवतो. कुठंच अडत नाही.