आजऱ्याकडच्या बालवाडीत लोंब्या मोजताना

दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला लागले होते, तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीचा, सुनंदाचा, फोन आला. आजऱ्याजवळच्या एका लहान गावात ती बालवाडी चालवते. बालवाडीची खोली गावच्या दूध संस्थेच्या मालकीची. आणि संस्थेला आता तिथे पशुखाद्याची पोती ठेवायची होती. संस्थेचे चेअरमन आप्पा शनिवारी स्वतः येऊन पाहणार होते, की मुलांना खरोखर मोजता येते, की वर्षभर नुसती चिकटवाचिकटवी चालते. त्यांचे समाधान झाले नाही, तर खोली जाणार होती.

परीक्षा मी घ्यावी, अशी सुनंदाची इच्छा होती. सख्खा भाऊ परीक्षक म्हणून गावाला चालेल का, असे मी विचारले.

"दादा, माझ्या लग्नात तू एका खांबावरून मांडववाल्याला सगळा मांडव पुन्हा मोजायला लावलास," ती म्हणाली. "गाव अजून त्या गोष्टीवर हसतंय. तू कुणाची गय करणार नाहीस, हे सगळ्यांना ठाऊक आहे."

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे आणि आयुष्यभर ताळेबंद जुळवत आलो आहे. त्या खांबाबाबतही माझेच म्हणणे बरोबर होते. असो. शनिवारी पहाटे सौ. वैजयंती आणि मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतून गाडी काढली.

या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडी माहिती. कागलपर्यंत महामार्ग उत्तम आहे. तिथून मुरगूडकडे वळावे आणि पुढे उत्तूरमार्गे आजरा गाठावा. अंतर फार नाही. मात्र ऊसतोडणी सुरू झाल्यानंतर निघालात, तर वेळेचा अंदाज सैल ठेवावा. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्याच्या मध्यातून चालतात, आणि चालकाने मोठ्या आवाजात गाणी लावलेली असल्यामुळे तुमचा हॉर्न त्याला ऐकू जात नाही. स्वतःचे वाहन नसल्यास कोल्हापूरच्या मध्यवर्ती स्थानकावरून आजऱ्याची एसटी मिळते. मुरगूडला आम्ही चहा आणि गरम कांदाभजी घेतली. दोघांचे मिळून शंभर रुपयेही झाले नाहीत. हॉटेलमालकाने आम्ही कुठले, कुठे चाललो, कोणाकडे आणि कशासाठी, एवढी चौकशी केली आणि शेवटी बजावले, "लहान पोरांची परीक्षा घेताय व्हय? जपून, पावणं. ती तुमचीच घेत्यात."

उत्तूर ओलांडल्यावर ऊस विरळ होतो आणि भाताची खाचरे सुरू होतात. कापणी बरीचशी उरकली होती. काही ठिकाणी पेंढ्यांचे ढीग रचलेले होते आणि उघड्या काचेतून नव्या भाताचा गोडसर वास गाडीत येत होता. वैजयंतीने मला दोनदा गाडी थांबवायला लावली. एकदा छायाचित्रासाठी, आणि एकदा काहीच कारण न सांगता.

बालवाडी म्हणजे कौलारू छपराची एकच ऐसपैस खोली. भिंतीलगतच्या फळीवर बेंदराच्या सणाला मुलांनी केलेले मातीचे बैल उभे होते. काहींना तीन शिंगे होती. सुनंदाने सांगितले की बैलाचे पाय, शिंगे आणि गळ्यातली घुंगरे मोजत मोजत मुले पाचापर्यंत पोहोचतात. श्रावणात पत्रीची पाने येतात, दिवाळीत आकाशकंदिलाच्या शेपट्या, संक्रांतीला तिळाचे लाडू. ज्या ऋतूत जे हाताशी येईल, त्याचे काहीतरी करायचे आणि करता करता मोजायचे. भिंतीवर अंकांचा तक्ता टांगलेला होता, पण त्याच्याकडे कोणीही पाहत नव्हते. खरे सांगायचे, तर मला ही पद्धत जरा ढिलीच वाटली.

त्या दिवशीचे काम होते भाताच्या लोंब्यांचे तोरण. सुपात लोंब्या, शेजारी आंब्याची पाने, आणि दोरा. मुलांच्या आया दाराशी येऊन बसल्या होत्या. ठरल्या वेळेच्या बऱ्याच नंतर आप्पा आले: पांढरी टोपी, रुंद चेहरा, आणि खर्जातला आवाज. आल्या आल्या त्यांनी सुनंदाला विचारले, "बाई, कागद कापून आन् पानं ववून आकडं येत्यात व्हय?" सुनंदाने माझ्याकडे बोट केले. मी समोरच बसलेल्या गौरी नावाच्या मुलीला बोलावले. वय वर्षे पाचाच्या आत-बाहेर, दोन घट्ट वेण्या. तोरणासाठी सुपातून लोंब्या घे आणि मोजून माझ्या हातात दे, असे मी तिला सांगितले.

तिने पहिली लोंबी उचलली आणि म्हणाली, "लाभ." मग, "दोन, तीन, चार…"

मी तिला थांबवले. एकपासून सुरुवात कर, असे समजावले. तिने लोंब्या परत सुपात ठेवल्या, माझ्याकडे नीट पाहिले, आणि पुन्हा म्हणाली, "लाभ, दोन…" मी पुन्हा थांबवले. माझ्या लेखी पहिलीच नोंद चुकली, की पुढची सगळी बेरीज चुकते. त्यानंतर मात्र ती बोलेचना. ओठ घट्ट मिटून तिने लोंबी मुठीत धरून ठेवली. सुनंदाचा चेहरा पाहिला आणि माझ्या लक्षात आले, की खोली वाचवायला आलेल्या माणसानेच ती घालवण्याची व्यवस्था केली आहे.

आप्पांनी घसा खाकरला. "पावणं, तुमच्याकडं भात किती हुतंय?"

"शिवाजी पेठेत भात होत नाही," मी म्हणालो.

"तरीच की."

आया खदखदून हसल्या. त्यात माझी धर्मपत्नीही होती. मग आप्पांनी मला सांगितले की खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला कोणी एक म्हणत नाही. एक म्हणजे एकच, तिथेच संपले. म्हणून पहिले माप लाभाचे, आणि मोजणी पुढे दोनापासून. गौरीचा आज्जा नुकतेच भात मापत होता आणि ती त्याच्या शेजारी बसून होती. थोडक्यात, पोरगी चुकली नव्हती.

मला हायसे वाटले, पण आप्पा एवढ्यावर थांबणारे नव्हते. "ह्ये झालं आज्ज्याचं," ते सुनंदाला म्हणाले. "बाई, तुमी काय शिकवलं?" आणि उत्तराची वाट न पाहता त्यांनीच आंब्याची पाने गौरीपुढे सरकवली.

"एक, दोन, तीन," गौरी मोजू लागली आणि नवावर थांबली.

"आता लाभ का न्हाय?"

"पानं काय कणगीत भरायची हायती व्हय?" ती म्हणाली.

आप्पांची भुवई वर गेली. त्यांनी तेवढ्याच लोंब्या मोजून शेजारी मांडल्या. दोन लोंब्यांच्या मध्ये एक पान लावायचे, तर सगळे बरोबर बसेल का, असे त्यांनी विचारले. गौरीने विचार करायलाही वेळ घेतला नाही. "एक पान उरतंय," ती म्हणाली. "मधीच लावायचं असतंय की. कडंला न्हाय."

चेअरमन मांडी घालून खाली बसले आणि स्वतः दोरा ओवू लागले. लोंबी, पान, लोंबी, पान. सगळी खोली त्यांच्या बोटांकडे पाहत होती. शेवटची लोंबी बांधून झाली तेव्हा जमिनीवर एक पान शिल्लक होते. गौरीने ते उचलून त्यांच्या टोपीत खोचले.

"ह्ये मात्र आज्ज्यानं शिकवलेलं न्हाय," सुनंदा हळूच म्हणाली.

आप्पा हसले, निर्णय मात्र त्यांनी दिला नाही. बैठकीत बघू म्हणाले आणि टोपीतल्या पानासकट निघून गेले.

रात्री सुनंदाकडे घनसाळ तांदळाचा भात आणि अख्खा मसूर झाला. या तांदळाचा सुवास शेजारच्या घरापर्यंत जातो, म्हणून तो आजऱ्यातूनच घ्यावा. मात्र नव्या तांदळाचा भात लवकर मऊ गिचका होतो, तेव्हा पाणी बेताचे घालावे. रविवारी सकाळी रामतीर्थावर गेलो. हिरण्यकेशी नदीचे पाणी खडकांवरून पसरत उतरते. पायऱ्या ओल्या असतात, चांगल्या पकडीची पादत्राणे घालावीत. सुनंदा आमच्याबरोबर हसत-बोलत होती, पण दर थोड्या वेळाने फोन उघडून पाहत होती. दुपारी जेवून निघालो आणि दिवेलागणीला घरी पोहोचलो.

घरी आल्यावर दोन-तीन दिवस माझ्या डोळ्यांपुढून ती मिटलेली मूठ हलत नव्हती. बरोबर मोजणाऱ्या मुलीला मी दोनदा थांबवले होते. तिने उत्तर चुकवले नव्हते. मी विचारलेच नव्हते, की लाभ म्हणजे काय. एवढ्या एका प्रश्नाला फार तर क्षणभर लागला असता.

बुधवारी सुनंदाचा फोन आला. खोली बालवाडीकडेच राहणार होती. पोती दूध संकलनाच्या पडवीत लागणार, आणि दर मोसमाला मुलांनी केलेले एक तोरण संस्थेच्या दाराला लागणार, अशी आप्पांची अट होती. मी तिचे मनापासून अभिनंदन केले आणि गौरी कशी आहे, ते विचारले.

"मजेत आहे," सुनंदा म्हणाली. "मधल्या सुट्टीत सगळ्यांनी नवीन खेळ काढलाय. एकानं पावणं व्हायचं आणि मोजायला सांगायचं. बाकीच्यांनी मोजायचं."

"आणि पाव्हण्याचं काम काय?"

"चूक काढायची, दादा. दर वेळी, आणि दर वेळी चुकीचीच. तसा नियमच आहे."