कार्डाचे हरवलेले व्होल्ट

दसरा नुकताच झालेला आणि आभाळ भरून आलेलं. दिंडोरीचा एक द्राक्षबागायतदार फवारणीच्या मशीनचा बोर्ड घेऊन सकाळीच आमच्या सातपूरच्या दुरुस्तीच्या गाळ्यात येऊन बसला. बसला कसला, दारात येरझाऱ्या! छाटणी झालेली, कोवळी फूट, पाऊस आला तर बागेवर डावणी रोग पडणार, आणि औषध किती जातंय ते मशीन दाखवेना.

मी काही कॉलेजात शिकले नाही, हात भाजून घेत शिकले. पण औषध मोजणाऱ्या सेन्सरसारखा खोटा सिग्नल दिला की बोर्डाचं खरं दुखणं कळतं, एवढं मला येतं. तो सिग्नल आमच्या कॉम्प्युटरमधलं कार्ड देतं. पाच व्होल्ट लावले. मीटरवर पाच. बोर्ड जोडला की साडेतीन!

"बोर्डच गेला," सून म्हणाली.

"गेला? अहो मावशी, मग मी आज फवारू काय, गोदावरीचं पाणी?"

माझ्याही जिवाला चैन पडेना. शेल्फावरचा चांगला बोर्ड जोडून पाहिला, तरी साडेतीन. म्हणजे दुखणं आमच्याच घरात. वायर बदलली. तेच.

"आई, सात लावा ना. इकडे पाच येतील."

"आणि मध्येच सगळे सात गेले तर? त्याचा बोर्ड जळेल आणि तो मला जाळेल!"

शेवटी कॉम्प्युटर बंद केला, बॅटरी घेऊन मागे वाकले. कार्डाच्या सॉकेटच्या तोंडात लालभडक! दसऱ्याला मी माहेरी होते. सुनेने पहिल्यांदाच एकटीने यंत्रांची पूजा केली होती, वायरी काढून, पुसून, एकेका भोकाला ओलं कुंकू लावलेलं. ते आत ओघळून वाळलं होतं. मीटरला करंट लागतो नावाला, म्हणून तो पाच दाखवायचा. बोर्ड ओढायला लागला की व्होल्ट त्या कुंकवातच अडायचे.

सुनेचा चेहरा उतरला. "अगं, भक्ती जरा जास्त झाली, एवढंच," म्हटलं आणि कापूस स्पिरिटमध्ये बुडवला.

वाळू दिलं, चालू केलं, बोर्ड जोडला. पाच! बोर्डावरचे औषधाचे आकडे भराभर पळायला लागले.

"तुझा बोर्ड ठणठणीत आहे बाबा. पंपाजवळचा सेन्सर उघडून धू, औषधाचा थर बसला असेल."

तो गेला, पण माझं कामात लक्ष लागेना. 'असेल' म्हटलं होतं मी, 'आहे' नव्हतं म्हटलं. आभाळ जरा अंधारलं की फोनकडे बघायची. दुपारी वाजला एकदाचा. आधी ट्रॅक्टरचा धडधडाट, मग तो ओरडला, "मावशी, दाखवतंय! ठेवा आता, फवारतोय!"