तीन पाणलोटांचा ठिपका

बाबा पाटबंधारे खात्यात अनुरेखक होते. साहेबांनी पेन्सिलीने आखलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि शाईने रेघा काढायच्या, हे त्यांचं काम. माळशेजच्या वरच्या अंगाला, जिल्ह्यांच्या हद्दीवर एक शिखर आहे. तिथलं पाणी एका बाजूने गोदावरीला जातं, दुसऱ्या बाजूने भीमेला आणि तिसऱ्या बाजूने कोकणात. या तीन पाणलोटांच्या रेघा बाबांनी वर्षानुवर्षं त्या शिखरावर नेऊन मिळवल्या. शिखर मात्र कधी पाहिलं नव्हतं. रेघ बरोबर होती की नाही, हे निवृत्त झाल्यावर त्यांना स्वस्थ बसू देईना.

मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघं कोथरूडहून निघालो. पायथ्याच्या गावातल्या एक मावशी वाट दाखवायला आल्या. त्या वर शेळ्या चारायला नेतात. अनोळखी माणसांशी मला पटकन बोलता येत नाही, त्यामुळे वाटभर बोलले ते बाबाच. पाणलोट म्हणजे काय, हे त्यांनी मावशींना दोनदा समजावलं. मावशींनी दोन्ही वेळा ऐकून घेतलं.

माथ्यावर बाबांनी नकाशाची घडी उलगडली, दिशा पाहिल्या आणि त्यांची पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. वाकणं त्यांच्या गुडघ्यांना जमत नाही.

"सावकाश ओत. आणि दिसेल तेच सांग."

मी ओतलं. एक ओघळ उत्तरेला गेला, एक दक्षिणेला. पश्चिमेकडे काहीच नाही. हात जरा कलता केला असता तर तिसराही निघाला असता, आणि बाबांना ते वरून कळलं नसतं. वर्गापुढे बोलावं लागू नये म्हणून शाळेत मी कितीदा पोटदुखीचं सोंग केलं आहे. खोटं मला नवं नव्हतं. पण मान खाली ठेवूनच मी म्हटलं, "बाबा, दोनच."

"हितं दोनच व्हणार," मावशी म्हणाल्या. "तिसरं त्या कड्यापाशी. पावसाळ्यात रोज बघते मी."

"अहो, मग आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही सांगत व्हता. म्हटलं, सांगू द्या."

कड्यापाशी एक पसरट कातळ होता. मी पुन्हा ओतलं. तीन ओघळ निघाले. कोकणातला ओघळ कडेवरून खाली पडला, तोच खालून येणाऱ्या वाऱ्याने त्याचे थेंब उचलून आमच्या तोंडावर आणून टाकले. बाबा इतके हसले की त्यांना कातळावर बसावं लागलं. मग त्यांनी माझी बाटलीही रिकामी करायला लावली. परतीच्या वाटेवर काय प्यायचं, हे कुणी विचारलं नाही. मीच मावशींना विचारत सुटले, शेळ्या कुठे बसतात, पावसात इथे उभं राहवतं का.

"पंधरा पावलांचा फरक," बाबा म्हणाले. "नकाशावर एवढं रेघेच्या जाडीत मावतं."

तरीही त्यांनी पेन्सिल काढून नकाशावर बारीक ठिपका दिला आणि तो मावशींपुढे धरला. मावशींनी नकाशा फिरवून कड्याच्या दिशेला लावून घेतला, थोडा वेळ पाहिला आणि थेट कागदावर बोट टेकवलं.

"जरा अलीकडं घ्या."

घरात आम्हाला नकाशाला हातही लावू न देणारे बाबा खिशात खोडरबर शोधू लागले.