फौजदारांनी दिलेली झडती

लढाईच्या दिवसांत पेट्रोल कुपनावर मिळायचं, आणि एका गाडीचं कुपन दुसऱ्या गाडीला चालत नसे. आमच्या ह्यांची एकच लॉरी. चौक गावातून कोळसा भरून पनवेलला जायची, तिच्यावरच आमचं घर चालायचं.

एका सकाळी हे पनवेलला गेले होते. मी पडवीत वाल सोलत बसले होते, मामंजी ओट्यावर होते, तेवढ्यात अंगणात फौजदार आले. बरोबर एक शिपाई आणि गावातलेच दोन पंच. एक शाळेचे मास्तर, दुसरा आमचा शेजारी. त्या शेजाऱ्याचीही लॉरी होती, आणि आम्हाला भाडं मिळालं की त्याला अन्न गोड लागत नसे. पंच व्हायला तो आपणहून पुढे आला होता. शेजारधर्म म्हणे!

फौजदारांनी उभ्यानेच वॉरंट वाचलं. दुसऱ्या गाडीची कुपनं आमच्या घरात दडवलीत, अशी खबर होती. सापडली तर लॉरी जप्त आणि ह्यांना तुरुंग. मनातल्या मनात मी त्या फौजदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

वाचून झाल्यावर त्यांनी टोपी काढून ओट्यावर ठेवली, कोटाचे खिसे उलटे केले आणि मामंजींसमोर हात पसरले. "बाबा, आधी आमची झडती घ्या."

मामंजी ओशाळले. "राहू द्या सायब. तुमी काय चोर हाव का?"

"तरी घ्या."

"नको, नको. तुमी आमच्या दारात आलेलं मानूस. बरं दिसत नाय."

"तुम्ही झडती घेतल्याशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही. आणि घराची झडती झाल्याशिवाय जाणारही नाही."

आली का पंचाईत! मामंजींनी देवाच्या मूर्तीला हात लावावा तसे बोटांच्या टोकांनी त्यांचे खिसे चाचपले. मग शिपायाचे, मग मास्तरांचे. शेजारी मागे सरला. "मी तर घरचाच. माजी कशाला?"

"आत जाणार त्या प्रत्येकाची," फौजदार म्हणाले.

त्याच्या बंडीच्या आतल्या खिशातून कुपनांची घडी निघाली. आमच्या नव्हे, दुसऱ्याच गाडीच्या नंबरची.

शिपायाने त्याला बाजूला बसवलं. मला वाटलं, सुटलो. पण फौजदारांनी दुसरा पंच बोलावला, त्याचीही झडती घ्यायला लावली, आणि वॉरंटाप्रमाणे सगळं घर तपासलं. स्वयंपाकघरात जाताना बूट बाहेर काढले. शेवटी पंचनाम्यात 'काही मिळून आले नाही' असं लिहून मोठ्याने वाचून दाखवलं, आणि ते शेजाऱ्याला घेऊन गेले. इतका सरळ माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि त्यालाच मी शिव्या घातल्या होत्या.

संध्याकाळी लॉरी दारात लागली. घडलेलं ऐकून ह्यांनी शेजाऱ्याच्या नावाने बोटं मोडली, फौजदारांच्या नावाने हात जोडले. मामंजी मात्र ओट्यावर मान खाली घालून बसले होते.

"मी नको म्हनत होतो रं," ते लेकाला म्हणाले. "दोनदा नको म्हनलो."