मेलबर्न ते मुंबई

परवा ऑफिसात एका सहकाऱ्यानं विचारलं, मेलबर्नहून मुंबईला विमान किती वेळात येतं, आणि शाहूपुरीतला एक दिवस आठवला. शेजारच्या अण्णांची बायको आजारी होती. दुखणं वाढल्याचं कळताच मेलबर्नला राहणारी एकुलती मुलगी निघाली. तिचं विमान सुटलं आणि तासाभरात इकडे आई गेली. मुलीला कळवायची सोय नव्हती. घर जैन. दिवस मावळायच्या आत दहन करायचं, ही रीत. अण्णांनी मला बोलावलं. "तू पेपरात हाईस. बघून सांग, पोरगी कवा पोचंल?" मी मोबाईलवर पाहिलं. अंतर दहा हजार किलोमीटरच्या आसपास, विमानाचे तेरा तास. मुंबईत उतरेपर्यंत रात्र आणि घरी यायला सकाळ. मी तसंच सांगितलं. त्यांचे थोरले भाऊ अण्णांना म्हणाले, "थांबायचं म्हणतोस?" अण्णा उठून उभे राहिले. मग म्हणाले, "आपल्यात थांबत्यात व्हय? उचला." पंचगंगेच्या काठी स्मशानात शेणींची चिता रचली होती. अग्नी देऊन अण्णा माझ्याजवळ आले. डोळे धुरानं लाल झाले होते. "इमान कुठं आलंय?" मी मोबाईलवर विमानाचा नकाशा दाखवला. निळ्या समुद्रावर एक बारीक पिवळं विमान होतं. "उतराय किती येळ?" "पाच तास." "आन् तिला कायबी ठावं न्हाय?" "नाही." त्यांनी चितेकडे पाहिलं. "मग तिची आई अजून पाच तास हाय की." परवा सहकाऱ्याला मी तेरा तास एवढंच सांगितलं.